ऑक्टेन मूल्य, संपीडन गुणोत्तर आणि वनमार्गांवरील वाहने

पेट्रोलवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण दाबले जात असता त्याने ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वी आपोआप पेट घेऊ नये, यासाठी इंधनाच्या अंगी जो प्रतिकार असावा लागतो त्याचे माप म्हणजे ऑक्टेन मूल्य होय. दट्ट्या आपल्या धावेच्या तळाशी असताना सिलिंडरात असणारी एकूण जागा आणि तो धावेच्या माथ्याशी असताना वर उरणारी जागा यांच्या गुणोत्तरास संपीडन गुणोत्तर म्हणतात. पहिली राशी इंधनाची आहे व दुसरी एंजिनाची. या दोहोंचा मेळ बसला, तरच एंजिन शांतपणे, काटकसरीने व दीर्घकाळ काम देते. अधिक ऑक्टेन मूल्याचे पेट्रोल म्हणजे अधिक शक्तीचे पेट्रोल, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती बरोबर नाही. ऑक्टेन मूल्यावरून इंधनात किती उष्णता साठविलेली आहे हे कळत नाही; ते किती दाब व किती तापमान सहन करील एवढेच कळते. ज्या एंजिनास ६८ ऑक्टेन पुरतो त्यास १०० ऑक्टेनचे पेट्रोल दिल्याने काहीही लाभ होत नाही. उलट ज्यास ९१ ऑक्टेन हवा त्यास ७० ऑक्टेनचे पेट्रोल दिल्यास दट्ट्या निकामी होऊ शकतो.

पक्क्या सडकेवरील मोटारीपेक्षा रस्ता सोडून चालणाऱ्या वाहनाच्या बाबतीत हा मेळ अधिक महत्त्वाचा ठरतो. चिखल, रेती, नाला व चढ यांतून जाताना एंजिनावर मंद गतीतही पूर्ण भार पडतो, आणि अशा ठिकाणी मनाजोगते इंधन निवडण्याची सोय नसते. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत, विशेषतः ब्रह्मपुरीच्या परिसरात, या अडचणींत तीव्र उन्हाळ्याची भर पडते. या प्रदेशात वापरल्या गेलेल्या जीप व तत्सम वाहनांच्या इतिहासातून इंधन व एंजिन यांचे परस्परावलंबन स्पष्टपणे दिसून येते.

तत्त्व : संपीडन गुणोत्तर जितके जास्त, तितका इंधनातील उष्णतेचा अधिक भाग यांत्रिक कार्यात रूपांतरित होतो. आदर्श ऑटो चक्राच्या गणिताप्रमाणे हे गुणोत्तर ६.५ असल्यास सैद्धांतिक कार्यक्षमता सु. ५३%, ९ असल्यास सु. ५८% व १२ असल्यास सु. ६३% येते. घर्षण, शीतन इ. कारणांनी प्रत्यक्षातील आकडे यापेक्षा पुष्कळ कमी असतात; तथापि वाढीची दिशा तीच राहते. म्हणून एंजिनाच्या अभिकल्पकाचा (आराखडा तयार करणाऱ्याचा) कल नेहमी संपीडन वाढविण्याकडे असतो.

या वाढीला इंधनच मर्यादा घालते. साध्या ज्वलनात ठिणगी-गुडदीपाशी निर्माण झालेली ज्योत ज्वलनकोठीच्या कडांकडे क्रमाक्रमाने पसरत जाते. ती पसरत असताना पुढचे न जळलेले मिश्रण दाबले जाऊन तापते. ज्योत तेथवर पोहोचण्यापूर्वीच हे उरलेले मिश्रण स्वतःहून एकदम पेटले, तर कोठीत दाबाच्या तीव्र लहरी उठतात व धातूवर हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो. यास ठोका म्हणतात. वाहनचालक व मिस्त्री त्यालाच नॉकिंग या नावाने ओळखतात. ठोक्यामुळे शक्ती घटते, भिंतींना अधिक उष्णता जाऊन एंजिन तापते, आणि तो दीर्घकाळ चालू राहिल्यास दट्ट्याचा माथा वितळणे, त्यावरील कडी मोडणे व शीर्षाची गास्केट फुटणे हे दोष उद्भवतात.

ठोका केवळ संपीडन गुणोत्तरावर अवलंबून नसतो. आत येणारी हवा तापलेली असणे, ठिणगी लवकर पडणे, कोठीत काजळी साठणे, एंजिनाचे शीतन अपुरे असणे व मंद गतीत पूर्ण भार असणे या गोष्टी तो वाढवितात. हवेतील आर्द्रता व समुद्रसपाटीपासूनची उंची या गोष्टी तो कमी करतात. कोठीचा आकारही महत्त्वाचा असतो. त्यामुळे अमुक गुणोत्तरास अमुक ऑक्टेन असे सर्व एंजिनांना लागू पडणारे कोष्टक देता येत नाही. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]

ऑक्टेन मापनाचा इतिहास : निकोलाउस ऑटो यांनी १८७६ मध्ये चार धावांचे एंजिन यशस्वी केले. त्यानंतरच्या काळात पेट्रोल ओळखले जाई ते मुख्यतः त्याच्या घनतेवरून व बाष्पनशीलतेवरून. ठोक्याचे कारण एंजिनात नसून इंधनाच्या घडणीत आहे हे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश अभियंते हॅरी रिकार्डो आणि अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग व टॉमस मिजली यांच्या संशोधनाने स्पष्ट होऊ लागले. मिजली यांना ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा अल्पसा अंश पेट्रोलमध्ये घातल्यास ठोका थांबतो असे आढळले. १९२३ मध्ये ओहायओ राज्यातील डेटन येथे असे पेट्रोल प्रथम विक्रीस आले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतील एका परिष्करण कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार शिशाच्या विषबाधेने मरण पावले. तरीही त्याचा वापर थांबला नाही, कारण त्याच्या इतका स्वस्त उपाय दुसरा नव्हता.

निरनिराळ्या पेट्रोलांची तुलना करण्यासाठी ग्रेअम एडगर यांनी १९२६ मध्ये एक मापश्रेणी सुचविली. सहज ठोका देणाऱ्या नॉर्मल हेप्टेनास शून्य व ठोक्यास चांगला प्रतिकार करणाऱ्या आयसोऑक्टेनास १०० असे मूल्य देण्यात आले. एखादे पेट्रोल या दोहोंच्या ज्या मिश्रणाप्रमाणे वागते, त्यातील आयसोऑक्टेनाचे शेकडा प्रमाण हे त्या पेट्रोलचे ऑक्टेन मूल्य होय. ही तुलना ज्याचे संपीडन चालू असतानाच बदलता येते अशा एकसिलिंडरी प्रमाणभूत एंजिनावर करतात.

मापनाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. संशोधन पद्धतीत एंजिन मिनिटास ६०० फेरे या गतीने चालवितात व आत घेतलेल्या हवेचे तापमान साधारणपणे ५२° से. ठेवतात. मोटर पद्धतीत गती ९०० फेरे असते व मिश्रण १४९° से.पर्यंत तापवितात. दुसरी कसोटी अधिक कडक असल्याने तिचा आकडा सामान्यतः कमी येतो. भारतात व यूरोपात पंपावर सांगितला जाणारा आकडा संशोधन पद्धतीचा असतो, तर अमेरिकेत दोन्ही पद्धतींची सरासरी देतात. त्यामुळे अमेरिकेतील ८७ आकड्याचे पेट्रोल भारतातील सु. ९१ आकड्याच्या पेट्रोलशी तुल्य असते. परदेशी माहितीपुस्तिका वाचून इंधन ठरविताना हा फरक ध्यानात न घेतल्यास घोटाळा होतो.

युद्धकाल व जीप : १९४०–४१ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी हलके, चारही चाकांना शक्ती मिळणारे वाहन तयार करण्यात आले. तेच पुढे जीप या नावाने प्रसिद्ध झाले. विलीज कंपनीचे प्रमुख अभियंते डेल्मार रूस यांनी सुधारलेल्या या जीपच्या चार सिलिंडरी एंजिनाची धारणा २,१९९ घ. सेंमी., शक्ती ६० अश्वशक्ती व संपीडन गुणोत्तर ६.४८ होते. दर सिलिंडरात दट्ट्या सु. ५५० घ. सेंमी. जागा व्यापीत असे व माथ्यावर सु. १०० घ. सेंमी. जागा उरत असे. हेच गुणोत्तर ९ करावयाचे झाल्यास वरची जागा सु. ६९ घ. सेंमी. एवढीच ठेवावी लागली असती. या एंजिनास ६८ ऑक्टेनचे पेट्रोल पुरेसे होते.

हे कमी संपीडन दोन कारणांनी आले होते. या एंजिनाच्या दोन्ही झडपा सिलिंडराच्या बाजूस असत. अशा रचनेत ज्वलनकोठी पसरट होते, ज्योतीला दूरवर जावे लागते व ठोक्याचा संभव वाढतो. म्हणून संपीडन फार वाढविता येत नाही. दुसरे कारण सैनिकी गरजेचे होते. उच्च ऑक्टेनचे इंधन त्या काळी विमानांसाठी राखून ठेवावे लागे. १९४० मध्ये ब्रिटनच्या लढाऊ विमानांनी १०० ऑक्टेनचे पेट्रोल वापरले व त्यामुळे त्यांच्या एंजिनांत अतिभरणाचा दाब वाढविता आला. जमिनीवरील वाहनांनी मात्र मिळेल त्या इंधनावर चालावे अशी अपेक्षा होती. सहा लाखांहून अधिक जीपगाड्या वाळवंट, बर्फ व ब्रह्मदेशातील जंगल अशा परस्परविरोधी परिस्थितींत चालल्या त्या या सहनशीलतेच्या बळावर.

हिंदुस्थानात याच काळात पेट्रोलवर नियंत्रण आले (१९४१) व अनेक मोटारी लोणारी कोळशापासून मिळणाऱ्या वायूवर चालविण्यात आल्या. हा वायू ठोक्यास चांगला प्रतिकार करतो, परंतु त्याचे उष्णतामूल्य फार कमी असते. त्यामुळे पेट्रोलसाठी बनविलेल्या कमी संपीडनाच्या एंजिनात तो वापरल्यास शक्ती बरीच घटे. संपीडन वाढविले असता ही घट काही अंशी भरून निघे. ठोक्यास होणारा प्रतिकार व इंधनाची शक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत याचे हे उत्तम उदाहरण होय.

भारतातील जीप : महिंद्र आणि महंमद या १९४५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे नाव १९४८ मध्ये महिंद्र आणि महिंद्र असे झाले. या संस्थेने मुंबईतील माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली व क्रमाने तिचे भाग देशातच बनविण्यास आरंभ केला. भारतात सर्वाधिक परिचित झालेला नमुना १९५३ मध्ये अमेरिकेत निघालेल्या सीजे-३बी या गाडीचा होय. तिच्या एंजिनात आत घेणारी झडप शीर्षात व बाहेर टाकणारी झडप बाजूस असे. धारणा पूर्वीचीच राहून शक्ती ७२ अश्वशक्ती व संपीडन ६.९ झाले. एंजिनाची उंची वाढल्याने समोरचे झाकण उंच करावे लागले. उंच नाकाची ही जीप भारतीय खेड्यांत अनेक दशके शासनाची खूण मानली जात होती. अधिक उंचीवरील प्रदेशांसाठी या एंजिनाचा ७.४ गुणोत्तराचाही प्रकार उपलब्ध होता. उंचावर हवा विरळ असल्याने सिलिंडरातील प्रत्यक्ष दाब कमी राहतो व ठोक्याची भीती न बाळगता गुणोत्तर वाढविता येते, हे त्यामागील सूत्र.

ब्रह्मपुरी व चांदा वनप्रदेश : ब्रह्मपुरी हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण वैनगंगेच्या पश्चिमेस, समुद्रसपाटीपासून सु. २३० मी. उंचीवर आहे. नदीपलीकडे आरमोरी, वडसा व त्यापुढे दक्षिणेकडे आलापल्ली, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा असा विस्तीर्ण वनप्रदेश पसरला आहे. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यास १९६४ मध्ये चंद्रपूर हे नाव मिळाले व त्याचा पूर्वेकडील भाग वेगळा करून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निर्माण करण्यात आला. गोंदिया–चांदा फोर्ट हा लोहमार्ग ब्रह्मपुरीवरून जातो. तो मूळचा अरुंदमापी असून १९९० नंतरच्या दशकात रुंदमापी झाला. लोहमार्गापासून आत गेल्यावर मात्र वाहतूक प्रदीर्घ काळ कच्च्या वाटांवर अवलंबून होती.

या वाटांवर वाहनाच्या कामाचा हंगाम व एंजिनाला सर्वाधिक जाचक असा हंगाम हे एकच असतात. पावसाळ्यात नदीनाल्यांमुळे वाटा तुटतात. हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा तो भाग पावसाळ्यात बाहेरच्या जगापासून तुटत असे. त्यामुळे सागवान, आडजात लाकूड व बांबू यांची वाहतूक कोरड्या महिन्यांत उरकावी लागते. तेंदूपानांची तोडणी व वाहतूक तर एप्रिल-मे महिन्यांतच होते. ब्रह्मपुरीच्या वेधशाळेत मे महिन्यात ४६° से. किंवा त्याहून अधिक तापमानाची नोंद वारंवार होते आणि राज्यातील सर्वांत उष्ण ठिकाणांत तिची गणना होते. संशोधन पद्धतीच्या कसोटीत हवा ५२° से. ठेवतात हे वर आलेच आहे. म्हणजे ब्रह्मपुरीची वैशाखातील उघड्यावरची हवादेखील प्रयोगशाळेतील हवेहून फारशी थंड नसते व एंजिनाच्या झाकणाखालील हवा तिच्याही पुढे जाते. त्या काळात हवा कोरडी असल्याने आर्द्रतेपासून मिळणारा लाभ नसतो. ठिकाण सखल असल्याने उंचीचाही लाभ नसतो. लडाखमध्ये समुद्रसपाटीच्या सु. दोन-तृतीयांश वायुदाबात चालणाऱ्या वाहनास जे पेट्रोल सहज चालते, त्याच पेट्रोलवर तेच वाहन ब्रह्मपुरीत ठोके देऊ शकते.

भारात भर पडते ती भूमीमुळे. धानाच्या बांध्यांमधील चिकट माती, वैनगंगेचे रेताड पात्र व नाल्यांचे उभे काठ यांतून जाताना चाके हळू फिरतात पण एंजिन पूर्ण जोर लावीत असते. ठोक्याला हीच स्थिती सर्वांत अनुकूल होय. जीपमधील दुसरी दंतचक्रपेटी येथे उपयोगी पडते. तिच्या खालच्या टप्प्यात एंजिनाचे फेरे सु. दोन ते अडीच पट होतात. चाकांना जोर मिळतो आणि एंजिन मंदगतीच्या भारातून सुटते. अनुभवी चालक नाल्यात उतरण्यापूर्वीच खालचा टप्पा घेतो. त्याने घसरण टळते तसाच ठोकाही टळतो.

उन्हाळ्यात जीप बंद पडण्याचे आणखी एक कारण म्हणजे नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणे. हा दोष बाष्पनशीलतेचा आहे, ऑक्टेन मूल्याचा नव्हे. नळीवर ओले फडके ठेवल्याने तो दूर होतो. ठोक्यावर त्याचा उपयोग होत नाही. ठोक्यावर तात्पुरता उपाय म्हणजे वितरक थोडा फिरवून ठिणगी उशिरा पाडणे. त्याने आवाज थांबतो, परंतु शक्ती कमी होते व इंधन अधिक लागते.

पेट्रोलच्या प्रती : भारतात डिग्बोई येथील कारखाना १९०१ पासून चालू होता, मुंबईत तुर्भे येथे १९५४ व १९५५ मध्ये दोन मोठे परिष्करण कारखाने सुरू झाले. भारतीय मानकानुसार दीर्घकाळ ८३ व ९३ ऑक्टेन अशा पेट्रोलच्या दोन प्रती होत्या. पुढे ८३ ची जागा ८७ ने घेतली. देशातील वाहने कमी संपीडनाची असल्यामुळे ८३ ऑक्टेन पुरत असे आणि ८३ ऑक्टेनच सर्वत्र मिळत असल्यामुळे वाहने कमी संपीडनाची बनविली जात. परिष्करण उद्योग व वाहन उद्योग यांनी एकमेकांना असे बांधून ठेवले होते. यात इंधनाचा अपव्यय होत असे, कारण ६.९ गुणोत्तराचे एंजिन ९ गुणोत्तराच्या एंजिनापेक्षा त्याच कामाला अधिक पेट्रोल घेते. [⟶ खनिज तेल]

भेसळ : कमी संपीडनाचा एक लाभ मात्र दूरच्या भागांत मोलाचा ठरला. केरोसीनचे ऑक्टेन मूल्य २० च्या आसपास असते. ८३ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये एक-पंचमांश केरोसीन मिसळल्यास मिश्रणाचे मूल्य ढोबळ मानाने ७० पर्यंत उतरते. ६८ ऑक्टेनवर भागविणारी जुनी जीप असे पेट्रोल काजळी धरीत का होईना पण चालवून नेई. ९ गुणोत्तराच्या एंजिनात मात्र त्याच पेट्रोलने थोड्याच दिवसांत बिघाड होतो. अनुदानित केरोसीन व पेट्रोल यांच्या किमतींतील तफावत हे भेसळीचे मूळ होते. हा व्यवहार किती घातक झाला होता, ते २५ जानेवारी २०११ रोजी दिसून आले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधनाच्या भेसळीस आळा घालीत असताना जाळून ठार मारण्यात आले. वाटेत भेसळ झालेले पेट्रोल ओळखण्याचे साधन सामान्य चालकापाशी नसते. एंजिनातील ठोका हीच त्याला मिळणारी पहिली सूचना होय.

डीझेलकडे वळण : १९७३ मध्ये अशुद्ध खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांतच सु. चौपट झाल्या व पेट्रोलवरील जीप परवडेनाशी झाली. तेव्हापासून जीपमध्ये डीझेल एंजिने बसविण्याकडे कल वाढला. प्रारंभी ट्रॅक्टरच्या एंजिनांवर आधारलेली व १९८० नंतर फ्रान्समधील प्यूझो कंपनीच्या अभिकल्पाची २,११२ घ. सेंमी. धारणेची एंजिने वापरण्यात आली. डीझेल एंजिनात फक्त हवा दाबली जाते व तापलेल्या हवेत इंधन फवारले जाते; तेथे इंधनाने आपोआप पेट घेणे हाच अपेक्षित परिणाम असतो. म्हणून अशा एंजिनाचे संपीडन गुणोत्तर २० च्या वर ठेवता येते, आणि त्याचे इंधन सीटेन मूल्यावरून, म्हणजे ते किती लवकर पेट घेते यावरून जोखतात. ऑक्टेन व सीटेन हे गुण परस्परविरोधी आहेत. यामुळेच पेट्रोलच्या एंजिनात चुकून डीझेल गेल्यास तीव्र ठोका होतो. वनमार्गांवर डीझेल जीप लोकप्रिय झाली ती काटकसर व मंद गतीतील जोर या दोन्ही गुणांमुळे. तिने ऑक्टेनचा प्रश्न सोडविला नाही, तर टाळला.

शिसेरहित पेट्रोल : शिशाच्या संयुगामुळे ऑक्टेन मूल्य वाढे, पण धुरातून शिसे हवेत पसरून बालकांच्या मेंदूच्या वाढीवर दुष्परिणाम होई. शिवाय धुरातील विषारी वायू कमी करणारे उत्प्रेरकी परिवर्तक शिशामुळे निकामी होत. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेरहित पेट्रोल मिळू लागले व १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. जगात मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा अखेरचा देश अल्जीरिया होता. तेथेही २०२१ मध्ये ते बंद झाले. शिसे गेल्यावर ऑक्टेन मूल्य राखण्यासाठी पेट्रोलच्या घडणीतच बदल करावा लागला. उत्प्रेरकी पुनर्घटन व समघटकीकरण या प्रक्रियांनी शाखायुक्त व वलयी हायड्रोकार्बनांचे प्रमाण वाढविण्यात आले. साध्या पेट्रोलचे किमान मूल्य भारत टप्पा ३ पासून ९१ झाले व १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या सहाव्या टप्प्यातही ते टिकले. शिसे झडपांच्या बैठकींना वंगणाचेही काम देत असे. कठीण धातूची बैठक नसलेल्या जुन्या एंजिनांत शिसेरहित पेट्रोलने बैठकी झिजतात. म्हणून जुनी वाहने जतन करणारे दुरुस्तीच्या वेळी कठीण बैठकी बसवून घेतात.

उच्च संपीडनाची वाहने : १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी ही हलकी व पेट्रोलवर चालणारी चौचाकचालित गाडी होती. तिचे संपीडन ९ च्या आसपास होते. जीपच्या निम्म्याहून कमी धारणेचे तिचे प्रारंभीचे एंजिन कमी वजनामुळे व अधिक कार्यक्षमतेमुळे वनमार्गांवर समाधानकारक काम देऊ शकले. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांना नेण्यासाठी उघड्या जिप्सी गाड्यांचा वापर रूढ झाला. डीझेलपेक्षा तिचा आवाज कमी, ही वन्य प्राण्यांच्या निरीक्षणात सोयीची बाब होती. १९५० च्या सुमारास हेच संपीडन देशातील साध्या पेट्रोलवर अशक्य ठरले असते. वाहन बदलले ते इंधन बदलल्यावर.

त्यापुढील टप्पा टर्बोभरित एंजिनांचा होय. २०२० मध्ये आलेल्या नव्या थार गाडीत इंधन थेट सिलिंडरात फवारणारे दोन लिटर धारणेचे टर्बोभरित पेट्रोल एंजिन देण्यात आले. अशा एंजिनात हवा आधीच दाबून आत लोटली जात असल्याने केवळ संपीडन गुणोत्तर पाहून इंधन ठरविता येत नाही. भरणाचा दाबही विचारात घ्यावा लागतो. थेट फवारलेल्या पेट्रोलच्या बाष्पीभवनाने मिश्रण थंड होते व ठोका लांबतो. त्याशिवाय ठोका-संवेदक एंजिनाच्या ठोकळ्यातील कंपने टिपतो व नियंत्रक ठिणगी त्या क्षणापुरती मागे घेतो. पूर्वी चालकाच्या कानाने व मिस्त्रीच्या हाताने होणारे काम आता सेकंदाच्या अल्पांशात होते. याचा एक परिणाम असा की, कमी प्रतीच्या इंधनाने वाहन बंद पडत नाही, परंतु चालकाच्या नकळत त्याची शक्ती व काटकसर घटते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई व पुणे यांसह काही शहरांत १०० ऑक्टेनचे पेट्रोल विक्रीस आले. ज्या एंजिनाचा नियंत्रक ठिणगी पुढे घेऊन या इंधनाचा लाभ उठवू शकतो, त्यालाच ते उपकारक आहे.

एथेनॉल मिश्रण : एथेनॉलचे ऑक्टेन मूल्य सु. १०८ असते व बाष्पीभवनात ते बरीच उष्णता शोषून घेते. त्यामुळे ते ठोक्यास उत्तम प्रतिबंध करते. भारतात २००१ मध्ये मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, त्यांपैकी दोन महाराष्ट्रात मिरज व मनमाड येथे होते. २००३ मध्ये काही राज्यांत ५% मिश्रण लागू झाले; जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १०% वर व २०२५ मध्ये २०% वर पोहोचली. उसाबरोबरच मका व तांदूळ यांपासूनही हे एथेनॉल बनविले जाते. २०% मिश्रणाचे ऑक्टेन मूल्य भारतीय मानकानुसार किमान ९५ असावे लागते.

अशा रीतीने ब्रह्मपुरीच्या पंपावरही पूर्वी केवळ खास प्रतीस असलेले ऑक्टेन मूल्य सर्वसामान्य पेट्रोलला प्राप्त झाले. तथापि एका लिटर एथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सु. दोन-तृतीयांश एवढीच उष्णता असते. म्हणून २०% मिश्रणात ती सु. ७ टक्क्यांनी कमी भरते. अधिक संपीडनाचे एंजिन वाढलेल्या ऑक्टेन मूल्याचा उपयोग करून ही तूट काही प्रमाणात भरून काढू शकते. ६.९ गुणोत्तराच्या जुन्या जीपला ते शक्य नाही; तिच्या वाट्यास फक्त तूट येते. एथेनॉल पाणी शोषून घेते व जुन्या रबरी नळ्या, पडदे व टाकीचा धातू यांना अपायकारक ठरते. त्यामुळे पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या वाहनात टाकीच्या तळाशी पाणी साचण्याचा संभव असतो. अशा वाहनांत एथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसविणे, कार्ब्युरेटरमधील छिद्रे किंचित मोठी करून मिश्रण सुधारणे व वाहन उभे करण्यापूर्वी टाकी रिकामी करणे हे उपाय करतात. शीर्ष घासून संपीडन ७.४ च्या जवळ नेण्याचाही मार्ग आहे. १९५० नंतरच्या काळात जो प्रकार उंच प्रदेशांपुरता राखून ठेवलेला होता, तो ९५ ऑक्टेनच्या इंधनामुळे सखल व उष्ण प्रदेशातही सुरक्षित ठरतो. जुने एंजिन व नवे इंधन यांचा मेळ घालण्याचे काम मात्र प्रत्येक वाहनागणिक स्थानिक मिस्त्रीलाच करावे लागते.